तुळईखालची भेग

कुणाला आपल्या घराखाली तळघर खणायचं असलं किंवा मागच्या बाजूला खोली वाढवायची असली, तर खणती सुरू व्हायच्या आधी मी त्याच्या शेजाऱ्याच्या घरी जाते. तिथल्या भिंती, छत, फरशी जशी आहे तशी नोंदवून ठेवते, फोटो काढते, भेगा मोजते. पुढे तो शेजारी म्हणाला, की तुमच्या खणण्यानं माझी भिंत फुटली, तर खरं काय ते सांगता यावं म्हणून हा खटाटोप. दोन घरांत एकच भिंत असली, तर हे काम फार जपून करावं लागतं. मी मूळची सांगलीची, शिक्षणानं इंजिनियर. नवऱ्याला चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही तांबरमला राहायला आलो. इथं आल्यावर मी एका लहानशा फर्ममध्ये हे काम धरलं. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या भिंतींचे दोष लिहायचे, म्हणजे स्वागत कसं होत असेल ते सांगायला नको.

मैलापूरच्या एका गल्लीतलं ते काम मी विसरणार नाही. गल्ली जुनी, घरं एकमेकांना पाठ लावून बसल्यासारखी. त्यातल्या एका घरात भरतनाट्यम शिकवणाऱ्या एक बाई आणि त्यांचे यजमान राहत. वर्ग वरच्या मजल्यावर भरायचा. वीस-पंचवीस पोरी एकदम पाय आपटायच्या आणि शेजारच्या घरातली भांडी वाजायची. शेवटी बाईंनी ठरवलं, की घराखाली अर्धं जमिनीत, अर्धं वर असं दालन करायचं आणि वर्ग तिथं हलवायचा. मद्रासच्या मातीत फार खोल गेलं की पाणी लागतं, म्हणून अर्धंच. विजयादशमीला नव्या मुलींना घेतात, त्याच्या आत दालन उभं राहायला हवं होतं.

शेजारच्या घरात सत्तरी कधीच ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहत. पूर्वी सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. मी दार वाजवलं, माझ्या मोडक्या तमिळमध्ये कामाचं सांगितलं. त्यांनी दाराच्या जाळीमागूनच मान हलवली. "वेंडाम," म्हणजे नको. मी पुन्हा समजावलं. पुन्हा वेंडाम. मी पायरीवर बसले आणि नवऱ्याला फोन लावला. "अरे, इथल्या बाई काही दार उघडत नाहीत. मला जेवायला उशीर होईल, तू थांबू नकोस."

मागून कडी सरकल्याचा आवाज आला.

"उशीर कां होईल गे? आंत ये. जेवूनच जा."

मी आधी इकडेतिकडे पाहिलं. शब्द मराठी होते, पण चाल सगळी तमिळ. प्रत्येक वाक्य शेवटी थोडं वर उचललेलं. बाई जाळीचं दार उघडून उभ्या होत्या आणि माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मीच त्यांना इतका वेळ फसवलं होतं.

"मराठी येतंय तर तमिळ कां बोलूलीस?"

त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. कित्येक पिढ्या तिकडेच गेलेल्या, महाराष्ट्र त्यांनी पाहिलेलाही नव्हता. घरात मात्र ही भाषा टिकली होती, जुन्या पितळी भांड्यासारखी, रोज वापरून गुळगुळीत झालेली. त्यांचं बोलणं मी इथं पुष्कळसं सोपं करून लिहिते आहे. पहिल्या दिवशी मला निम्मं कळत नव्हतं आणि माझं सांगलीचं बोलणं ऐकून त्यांना हसू आवरत नव्हतं. मी "आजी" म्हटल्यावर त्यांनी हात वर केला.

"आजी नको. मामी म्हण. ह्या गल्लींत सगळे तेंच म्हणतात. हे होते तेव्हां ह्यांना मामा म्हणत."

मामींच्या घराचं छत जुन्या पद्धतीचं होतं. सागाच्या तुळया, त्यावर आडव्या पट्ट्या, त्यावर विटा आणि चुना. तुळयांची एका बाजूची टोकं नृत्यवाल्या बाईंच्या आणि मामींच्या सामाईक भिंतीत गेलेली. मी भेगा मोजायला लागले आणि मामी माझ्याबरोबर घरभर फिरायला लागल्या. त्यांना प्रत्येक भेगेबद्दल काही ना काही सांगायचं होतं.

"ही मामांनी खिळा ठोकला तेव्हांची. कॅलेंडर लावायला एवढा मोठा खिळा! ही पाहुणी, गेल्या पावसाळ्यांत आली. हिला लिहूं नको, ती भेग नव्हे, रंगाचा ओघळ आहे."

"मामी, मला सगळंच लिहावं लागतं."

"मग असं लिही, की मामी म्हणाली हा ओघळ आहे."

मी तसं लिहिलंसुद्धा.

मोठ्या खोलीत मधल्या तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरत होतं, त्याच्या बरोबर खाली एक उभी भेग होती. ती मामींच्या लग्नाच्या आधीपासूनची. सासऱ्यांनी दोनदा भरून घेतली होती, दोन्ही वेळा पुन्हा उघडली. त्याच तुळईला दोन जाड कड्या होत्या आणि कड्यांत झोपाळ्याच्या साखळ्या वर गुंडाळून बांधलेल्या. झोपाळ्याला इकडे ऊंजल म्हणतात. फळी कुठं दिसेना.

"फळी मुलीनं नेली," मामी म्हणाल्या. "मागल्या वर्षीं उतरतांना मी पडलें, मनगट मोडलें. तेव्हांपासून ऊंजल बंद." आणि लगेच दुसऱ्या खोलीकडे वळल्या.

ती मुलगी तांबरमच्या एका कॉलेजात शिकवत होती आणि दर शनिवारी आईकडे यायची. आईची काळजी म्हणून तिनं मोठ्या खोलीत कॅमेरा लावला होता. तो तिच्या मोबाइलवर दिसायचा.

मी त्या भेगेवर काचेची पट्टी बसवली. आमच्या कामातली ही जुनी युक्ती आहे. पातळ काच भेगेच्या दोन्ही काठांना पक्की चिकटवून टाकायची. भिंत जरा जरी हलली, तरी काच तडकते आणि आपल्याला कळतं. मामींनी मला वांग्याची भाजी आणि रसम-भात वाढला, वर कॉफी पाजली, आणि मी तांबरमची गाडी पकडली.

शेजारी खणती सुरू झाली. सामाईक भिंतीखाली एकदम सगळं खणत नाहीत. थोडं खणायचं, पायाखाली काँक्रीट भरायचं, ते घट्ट झालं की शेजारचा तुकडा घ्यायचा. तिथला मेस्त्री अनुभवी होता, मितभाषी, कानाच्या मागे कायम पेन्सिल. दुपारी तो मामींकडे कॉफी प्यायला जायचा. मामींना त्याची कॉफी पिण्याची पद्धत आवडायची, तो पेल्याला ओठ न लावता एका धारेत प्यायचा.

आणि एका सकाळी मामींचा फोन आला. "काच फुटली."

मी जाऊन पाहिलं. काच मधोमध तडकली होती. खणण्यात काही चूक दिसेना. मी नवी काच लावली. दोन-चार दिवसांत तीही गेली. शनिवारी मुलीनं ती पाहिली आणि मग जे व्हायचं ते झालं. ती तडक शेजारी गेली.

"माझी आई ह्या छताखाली एकटी झोपते! काम आत्ताच्या आत्ता थांबवा, नाहीतर मी कॉर्पोरेशनमध्ये तक्रार करते."

नृत्यवाल्या बाईंचा आवाजही चढला. "तुमच्याच आईंना आमच्या पायांचा त्रास होतो म्हणून मी जमिनीत चालले आहे. आता जमिनीतही जाऊ देत नाही का तुम्ही?"

गल्लीतली निम्मी माणसं ओट्यांवर आली. यजमान बिचारे मधे उभे राहून दोन्हीकडे हात जोडत होते. मामी आपल्या दारात गप्प होत्या. मेस्त्रीही गप्प होता, पेन्सिल काढून तिचं टोक बघत. दोघं गप्प आहेत हे मला दिसलं, पण त्यातून काही सुचलं नाही. काम थांबलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिंत का हलते ते सांगणं माझं काम होतं.

मी भेगेवर नवी काच लावली आणि तिच्या खाली एक मोजपट्टी बसवली. एकमेकींवर सरकणाऱ्या दोन पारदर्शक पट्ट्या असतात त्या, एकीवर चौकटी आणि दुसरीवर फुली. भिंत सरकली की फुली चौकटींवरून सरकते. रोज सकाळी ऑफिसला जाताना मी मामींकडे डोकावू लागले. रोज फुली जिथल्या तिथं. खड्ड्यामुळे भिंत खचत असती, तर फुली एकाच दिशेला थोडी थोडी पुढे जायला हवी होती. ती हलतच नव्हती.

पण काच पुन्हा फुटली. शेजारी कुदळ पडत नव्हती, माणूस नव्हता, खड्ड्यात फक्त बेडूक होते, आणि काच फुटली होती.

मला खरं तर आनंद झाला. खणणाऱ्यांचा दोष नाही, एवढं तरी सिद्ध झालं. पण मग भिंत हलवतंय कोण? मी मामींना विचारलं, "घरात काही जड वस्तू सरकवता का? ग्राइंडर, कपाट?"

"मी ह्या वयांत कपाट सरकवूं?" मामी म्हणाल्या. "दुपारीं मी निजतें. मुलीला विचार, तिला सगळें दिसतें."

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "दुपारी आई कॅमेऱ्यावर टॉवेल टाकते. झोपलेलं कुणी बघितलेलं तिला आवडत नाही. मीही म्हटलं, असू दे."

दोन दिवसांनी मला त्याच भागात दुसरं काम होतं. ते लवकर आटपलं. दुपार टळटळीत होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मामींच्या ओट्याची सावली बघून मी तिथं जरा टेकायला गेले. आतून आवाज आला.

किर्रर्र... किर्रर्र...

मी खिडकीतून पाहिलं. कॅमेऱ्यावर गुलाबी टॉवेल. आणि मोठ्या खोलीच्या मधोमध मामी, लुगड्याचा काठ पायांत येऊ नये म्हणून नीट खोचलेला, दोन्ही हात साखळ्यांवर, पायाच्या अंगठ्यानं फरशीला रेटा देऊन मस्त झोके घेत होत्या. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर अशी तृप्ती, की मला हाक मारवेना. त्या पुढे गेल्या की तुळई बारीकशी कण्हायची, मागे आल्या की पुन्हा कण्हायची.

मी जरा वेळानं दार वाजवलं. आवाज थांबला. आत बरीच धावपळ ऐकू आली. दार उघडलं तेव्हा मामी केसांवरून हात फिरवत उभ्या, अगदी आत्ता उठल्यासारख्या. साखळ्या मात्र अजून डोलत होत्या.

मी साखळ्यांकडे पाहिलं. मामींनीही पाहिलं.

"वारा," मामी म्हणाल्या.

मला हसू फुटलं आणि मग त्यांनाही. दोघी हसत हसत खाटेवर बसलो, तर खाटेखालून फळीचं टोक डोकावत होतं. ती जुनी सागवानी फळी नव्हतीच. सेंट्रिंगची हलकी फळी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, दोन्ही टोकांना सहज अडकवता येतील असे आकडे, आणि शेजारी साखळ्या खालूनच वर ओढून बांधायची दोरी.

"ही कुणी करून दिली?"

 मामींनी हळूच भिंतीपलीकडे बोट दाखवलं. मेस्त्री! ज्याचं काम ह्या झोपाळ्यापायी बंद पडलं होतं, त्यानंच तो टांगून दिला होता. मामींनी त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की कुणाला सांगायचं नाही, आणि गल्लीभर भांडण चालू असतानाही त्या माणसानं तोंड उघडलं नव्हतं.

"त्याला ठाऊक आहे काच कशानं फुटते ते?"

"त्याला संशय होता. मला नव्हता," मामी म्हणाल्या. "मी केवढीशी! माझ्या वजनानं भिंत हलेल हें मला कसें कळेल?"

मग आम्ही प्रयोग केला. मामींनी स्वतः फळी अडकवली, सराईतपणे, दोन झटक्यांत. त्या झोका घेऊ लागल्या आणि मी स्टुलावर चढून मोजपट्टीकडे पाहिलं. फुली बारीक थरथरत होती, इकडे, पुन्हा तिकडे. मामी थांबल्या की फुली आपल्या जागी. म्हणून सकाळी मला ती नेहमी जागेवर सापडायची. तुळईचं टोक भिंतीत सैल झालं होतं, झोक्यासरशी ते हलायचं आणि काच बिचारी ते सोसायची नाही.

"आतां तूं बैस," मामी म्हणाल्या. "मला पाहायचें आहे."

"मामी, स्टुलावर तुम्ही चढायचं नाही."

"नाहीं चढत. खुर्चीवर उभी राहतें."

तेही मी होऊ दिलं नाही. मोबाइलनं मोजपट्टीचं चित्रण करत ठेवलं आणि मी झोपाळ्यावर बसले. कामाच्या वेळेत, कामाच्याच निमित्तानं, मी चांगला वेळ झोके घेतले. मग मामींनी चष्मा लावून ते चित्रण पाहिलं आणि माझ्या वजनानं फुली जास्त हलते असं जाहीर केलं.

पण आता पुढचं बोलणं भाग होतं. "मामी, हे मला लपवता येणार नाही. शेजारचं काम बंद आहे, आणि चूक त्यांची नाही."

मामी पदराशी चाळा करू लागल्या. "मला तें पहिल्या काचेलाच समजायला हवें होतें," असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "तूं लिहूं नको अजून. मी सांगतें. माझ्या तोंडानें."

"आणि मेस्त्रीचं?"

"त्याचें नांव मी घेणार नाहीं. तूंही घेऊं नको."

शनिवारी मुलगी आली तेव्हा मामींनी शेजारच्या दोघांनाही बोलावलं. मेस्त्रीलाही. सगळे मोठ्या खोलीत उभे. मामींनी खाटेखालून फळी ओढली, साखळ्यांत अडकवली, बसल्या, आणि झोका घेतला. मी मोजपट्टीकडे बोट दाखवलं.

मुलगी आधी पांढरी पडली आणि मग लाल. "अम्मा! त्या मनगटानं? आणि मी समजतेय तू झोपलीस! फळी कुणी आणून दिली?"

मेस्त्री छताकडे बघत होता. इतक्या निरखून, की मीही वर पाहिलं.

"झोप येत नाहीं दुपारची," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज हलका झाला होता. "मामा होते तेव्हां दोघें बसत असूं. तूं फळी नेलीस, मग खोली अशी मोठी मोठी वाटूं लागली. पडेन म्हणून किती दिवस भिंत धरून बसूं?"

 मुलीनं डोळे पुसले, पण अजून रागावल्यासारखीच उभी होती. तेवढ्यात नृत्यवाल्या बाई जमिनीवर बसल्या आणि हसायला लागल्या. थांबेचनात. "मी रोज देवापुढे बसून विचारत होते, माझ्या खड्ड्यात काय दोष आहे," त्या म्हणाल्या, "आणि मामी इथं झोके घेत होत्या!" त्यांच्या यजमानांनी हात जोडले, ह्या वेळी आनंदानं.

मी तुळईचं सांगितलं. ते टोक कधी ना कधी उघडावं लागणारच होतं, झोपाळा नसता तर कुणाला कळलंही नसतं. मेस्त्रीनं तुळईला खालून टेकू दिला, भिंतीचा गिलावा काढला. आत लाकडाला वाळवी लागली होती आणि खालच्या दोन विटा मोकळ्या झाल्या होत्या. कुजका भाग काढून टोक लोखंडी पट्ट्यांनी जखडलं, खाली काँक्रीटचा जाड ठोकळा बसवला. भिंत दोघांची, म्हणून दोन्ही बाजूंनी काम झालं. मामी खुर्ची टाकून बसायच्या आणि मेस्त्रीला कॉफीबरोबर सूचनाही द्यायच्या. काम संपल्यावर मी नवी काच लावली, मामींना झोके घ्यायला सांगितलं, आणि आम्ही सगळे काचेकडे बघत राहिलो. काच शाबूत.

ऊंजलावर मुलीच्या अटी मात्र लागल्या. फळीला पाठ आणि हात हवेत, उंची इतकी कमी की पाय सपाट टेकले पाहिजेत, आणि कॅमेऱ्यावर टॉवेल नाही. मामींनी पहिल्या दोन मान्य केल्या. तिसरीवर बरीच घासाघीस होऊन, टॉवेल दुपारी अर्धा तास चालेल असं ठरलं. शनिवारी मी कधी गेले तर मायलेकी दोघी फळीवर दाटीवाटीनं बसलेल्या दिसायच्या, एकमेकींशी तमिळमध्ये भांडत.

दालन विजयादशमीच्या आधी तयार झालं. त्या दिवशी मीही गेले होते. नव्या मुली नटूनथटून आल्या होत्या, पायऱ्यांवर चाफ्याची फुलं. मामींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. मुलींनी पाय आपटायला सुरुवात केली आणि मामी माझ्या कानाशी लागल्या, "घरांत कांहीं ऐकूं येत नाहीं आतां. उगाच चुकल्याचुकल्यासारखें वाटतें." मग थोड्या वेळानं त्यांनी ठरवलं, की रोज संध्याकाळी इथंच येऊन बसायचं. नृत्यवाल्या बाईंनी त्यांच्यासाठी कोपऱ्यात खुर्ची ठेवली आहे, आणि पोरींच्या चुका मामी बाईंच्या आधी काढतात असं ऐकते.

ह्या सगळ्याची गोष्ट गल्लीत घरोघर पोचली. पुढच्याच महिन्यात चार घरं पलीकडे कुणाला मागची बाजू वाढवायची होती. मी त्यांच्या शेजाऱ्याचं दार वाजवलं. एका वयस्क गृहस्थांनी दार उघडलं. मी पिशवीतून मोजपट्टी काढली, अजून नावगाव सांगायचं होतं, तोच मागच्या खोलीकडे एकदा बघून ते घाईघाईनं म्हणाले,

"आमच्याकडे ऊंजल नाही हो!"